सुमनकाकू सिनेमा थांबवतात

सुमनकाकूंच्या हातात रिमोट असला की कुठलाही सिनेमा अडीच तासांत संपत नाही. आमच्या गल्लीतला याबाबतचा विक्रम रविवारी दुपारी दोनला सुरू होऊन बुधवारी संध्याकाळी संपलेल्या एका कौटुंबिक चित्रपटाचा आहे. मधल्या वेळात काकू तीनदा कंपनीत जाऊन आल्या, मी सहामाहीचे पेपर तपासून संपवले, आणि त्या सिनेमातली सावत्र आई जिन्यावर एक पाय उचलून तशीच उभी राहिली.

"थांबव," काकू म्हणतात. रिमोट त्यांच्याच हातात असतो, तरी म्हणतात. मग उठून टीव्हीपाशी जातात आणि पडद्यावरच्या बाईला बोट दाखवून विचारतात, "हिला कुणी सांगितलं असं वागायला?"

मी सिनेमात रडणाऱ्यांपैकी आहे. लेकरू दारात उभं राहून 'मम्मी' म्हणायच्या आधीच माझा रुमाल भिजलेला असतो. त्यामुळे दहा वर्षांपूर्वी सिडकोतल्या या गल्लीत राहायला आले, शेजारच्या काकूंनी रविवारी सिनेमा बघायला बोलावलं, आणि मी चहाचा कप घेऊन रडायला सज्ज होऊन बसले, तेव्हा माझी फार पंचाईत झाली. रडू ऐन गळ्याशी आलं की सिनेमा थांबायचा.

काकू वाळूजच्या एका कारखान्यात तपासणीला आहेत. वीस वर्षं झाली. लेथ मशीनवरून कापून आलेला लोखंडाचा तुकडा हातात घ्यायचा, गेज लावून माप बघायचं आणि तो कुठल्या पेटीत जाणार ते ठरवायचं. पेट्या तीन. बरोबर असेल तर ओके, कामातून गेलेला असेल तर रिजेक्ट, आणि थोडी घासपूस करून सुधारण्यासारखा असेल तर रिवर्क. सकाळी सहाची बस पकडून काकू दिवसभर हेच करतात आणि घरी येऊन सिनेमाला हेच करतात. सगळ्या सिनेमांना मात्र नाही. मारामारीच्या सिनेमाला त्यांची हरकत नसते. "माणूस हवेत उडतो म्हणं. उडत असंल. मी कुठं उडून बघितलंय?" पण सावत्र आई आणि लाडावलेलं लेकरू हा त्यांचा विषय. त्यात त्या कुणाचं ऐकत नाहीत, कारण त्यांनी दोन्ही गोष्टी घरात बघितल्या आहेत. भानुदासकाकांची, म्हणजे काकूंच्या नवऱ्याची, पहिली बायको उषा आजारपणात गेली तेव्हा त्यांची मुलगी पल्लवी सहा वर्षांची होती. दोन वर्षांनी सुमनकाकू त्या घरात आल्या.

सिनेमात सावत्र आई कशी येते ते तुम्हाला माहीत आहे. दार उघडतं, ढणढण वाजतं, बाईची आधी चप्पल दिसते, मग साडी, आणि मग एक भुवई वर जाते.

"थांबव," काकू म्हणाल्या. "नवीन घरात आलेली बाई भुवई उडवती व्हय? तिला अजून संडास कुठं हाये ते माहीत नसतं."

त्या घरात दोन्ही बाजूंनी वर जाणारा जिना असतो. काकूंचा सिद्धांत असा की सावत्र आया एका जिन्याच्या घरात येतच नाहीत. "आमच्याकडं दोन खोल्या अन् मोरी. सासूबाई एका खोलीत, पोरगी सासूबाईच्या मांडीवर. कुठं उभं राहून कट करायचा? मोरीत?"

शिळ्या भाकरीवर तर त्यांचं खास व्याख्यान आहे. सिनेमातली ती बाई सावत्र मुलीपुढं शिळी भाकरी टाकते आणि स्वतः काजू खाते. काकूंनी हे दृश्य मला तीन वेळा मागं नेऊन दाखवलं. "बघ नीट. सासू समोर बसलेली, शेजारीण खिडकीत. कोण देईल शिळं? अगं, सख्ख्या आईला शिळं द्यायची मुभा असती. ती दोन धपाटे बी घालती, अन् लोक म्हणत्यात, आईच हाये. मला आवाज चढवायची बी सोय नव्हती. सोळा वर्षं झाली, पोरीला तव्यावरची अन् मला कालची."

"मग हा सिनेमा रिजेक्ट का?" मी विचारलं.

"रिजेक्ट कामून? रिवर्क. भाकरी तेवढी बदला म्हणावं."

हे एक मला फार आवडतं त्यांचं. त्या कुणालाच रिजेक्टच्या पेटीत टाकत नाहीत. सिनेमावाल्यांनाही नाही.

लाडावलेल्या मुलांबद्दल त्यांचं म्हणणं आणखी पुढचं आहे. सिनेमातलं असलं पोरगं फुलदाणी फोडतं, नोकराच्या अंगावर दूध फेकतं, 'डॅडी, आय हेट यू' म्हणतं, आणि इंटरव्हलनंतर एक थप्पड खाऊन किंवा नदीत पडून एकदम सद्गुणी होतं. काकू हसून लोळायच्या बाकी राहतात. "लाडावलेलं लेकरू काही फोडत नाय. फोडलं तर मार बसतो, हे त्याला कळतं. ते गप बसतं अन् आज्जीकडं बघतं. तेवढ्यानं घर पेटतं."

त्यांचं लेकरू मीठ टाकायचं. म्हणजे असं, की काकूंनी भाजी करून ठेवली की आठ वर्षांची पल्लवी हळूच येऊन त्यात मूठभर मीठ टाकायची, मग पानावर बसून पहिल्या घासाला तोंड वाकडं करून आजीला सांगायची, "हिला करताच येत नाही." आजी सुनेकडं बघायची. काकूंनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवसापासून भाजीत मीठ घालायचंच बंद केलं.

"मग?"

"मग काय, ती टाकायची तेवढं बरोबर बसायचं. सासूबाई म्हणल्या, आता हात बसला बघ सुमनचा."

हे असं किती दिवस चाललं विचारलं तर काकू म्हणाल्या, चार महिने. शेवटी पोरगीच कंटाळली आणि एक दिवस आळणी भाजी सगळ्यांच्या पानात आली. कुणाला काही कळलं नाही. त्या दोघी एकमेकींकडं न बघता जेवल्या.

तापाचं दृश्य लागलं की मी काकूंचा हात धरून ठेवते, निदान हे तरी बघू द्या म्हणून. मूल तापानं फणफणलंय, सावत्र आई कपाळावर पट्ट्या ठेवतेय, मूल डोळे उघडतं आणि म्हणतं, 'आई'. काकू हात सोडवून घेतात. "ताप आल्याशिवाय ह्यांच्या पोरांना माया फुटत नाय. आमची तापली तव्हा मी बी पट्टी ठिवली. डोळे उघडून काय म्हणली माहिताय? तुमचा हात खरखरीत आहे. लोखंड धरून धरून खरखरीतच हाये, खोटं कुठं म्हणली? मग ह्यांना बसवलं पट्ट्या ठेवायला अन् मी भांडे घासले."

आणि ती 'आई' हाक! सिनेमात ती दोन तास वीस मिनिटांनी येते. पल्लवी काकूंना मावशी म्हणते. तेही काकूंनीच ठरवून दिलं होतं. "आई एक होती, ती गेली. मला मावशी म्हण, नायतर काहीच नको म्हणू." पोरीनं पहिले काही महिने दुसरा पर्याय निवडला. अहो मावशीची ए मावशी व्हायला सहा वर्षं लागली, आणि तेही भांडणात, दप्तर फेकून. काकू ते भांडण सणासारखं आठवतात.

एकदा मी त्यांना मॉलमधल्या थिएटरात घेऊन गेले. घोडचूक होती. तिथं रिमोट नाही. सावत्र आईनं पहिल्या बायकोचा हार घातलेला फोटो भिंतीवरून काढून आपटला, आणि काकू जागेवरून उठून उभ्या राहिल्या. मागून एका तरुणाचा आवाज आला, "आंटी, बैठो ना, दिखरा नै."

काकू वळून म्हणाल्या, "बेटा, जो दिखरा ना, वो सब झूठ है."

आजूबाजूचे लोक हसले. मला सीटखाली जावंसं वाटलं. पण इंटरव्हलमध्ये त्या मुलाची आई आमच्याकडं आली, काळा बुरखा, हातात पॉपकॉर्नचा डबा. काकूंना म्हणाली, "आपा, तुम सच बोले. मेरी अम्मी सौतेली थी. इत्ती अच्छी थी, क्या बोलूँ. मगर लोगां पिक्चरां देख के मेरे कू पूछते थे, मारती क्या गे तेरी माँ?" दोघी मग सिनेमाचा उत्तरार्ध सोडून बाहेर बाकावर बसल्या. मी एकटीनं आत जाऊन मनसोक्त रडून घेतलं.

पण त्या बाईचं बोलणं मला लागलं होतं. कारण मीही त्याच लोकांतली. इथं राहायला आले तेव्हा पल्लवी नववीत होती आणि कुणीतरी माझ्या कानात सांगितलं होतं, पोरगी सावत्र आईकडं आहे. मी कुंपणावरून तिला लाडू द्यायला लागले. जेवलीस का गं, असं जरा जास्तच मऊ आवाजात विचारायला लागले. आठवड्यानं काकू माझा डबा परत घेऊन आल्या. त्यात चिवडा भरलेला होता. "लाडू लई छान. आमच्याकडं बी डबाभर हायेत, पण तिला तुमच्याकडचे गोड लागत्यात. देत जावा. लेकराला दोन घरं असली तर बरंच असतं." त्यात टोमणा नव्हता. मी तो शोधला, सापडला नाही, आणि त्या दिवसापासून मी त्यांची झाले.

भिंतीवरच्या फोटोची गोष्ट राहिलीच. काकूंच्या घरात उषाचा फोटो आहे आणि तो दर शनिवारी काकूच पुसतात. "फोडायला कुणाला येळ हाये? पुसायलाच अर्धा तास जातो." शिवाय त्यांच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी उषाच्या नावाचा लहानसा चांदीचा टाक असतो. दुसरेपणावर आलेल्या बायका आपल्याकडं घालतात तो. कंपनीत मशीनपाशी गळ्यात काही चालत नाही, म्हणून बसमध्ये बसल्या की काकू तो काढून पिनेनं ब्लाउजला आतून लावतात आणि सुटीच्या भोंग्यानंतर परत गळ्यात घालतात. एवढं सांभाळून दागिना वापरणारी बाई मी दुसरी बघितलेली नाही.

यंदा पल्लवीचं लग्न ठरलं. ती आता चोवीस वर्षांची आहे, शेंद्र्याला एका कंपनीत हिशेबनिसाच्या कामावर आहे, मुलगा पुण्याचा, लग्न मार्गशीर्षात. तेव्हापासून काकूंचं सिनेमा थांबवणं कमी झालं. पाठवणीचं दृश्य लागलं तर त्या नुसत्या बघत बसायच्या. एकदा मीच विचारलं, काय झालं?

"काय नाय," म्हणाल्या. मग रिमोट बाजूला ठेवून, "पोरगी माहेरी कशाला येती? आईसाठी येती. आज्जी असती तर आज्जीसाठी आली असती, ती बी गेली. बापाला ही फोनवर भेटल. माझ्याकडं कशाला यायची ती?"

मी काहीबाही बोलले. येईल हो, न यायला काय झालं. पण ते सिनेमातल्या शेजारणीसारखं वाटलं.

मग पितृपक्ष आला आणि नवमी आली. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात, तिची ओटी भरतात आणि पानात गेलेल्या बाईच्या आवडीचं काहीतरी वाढतात. काकू सोळा वर्षं उषाची नवमी करताहेत आणि गेली नऊ वर्षं त्यांची सवाष्ण मी आहे. उषाच्या आवडीची म्हणून शेपूची भाजी असते. आता शेपूचा वास काकूंना अजिबात सहन होत नाही. त्या दिवशी त्या नाकाला फडकं बांधून फोडणी देतात, आणि प्रसाद म्हणून नंतर स्वतः दोन घास गिळतात, तेव्हा त्यांच्याकडं बघवत नाही. खीर, वडे, भोपळ्याचे घारगे, आणि मध्ये हा शेपू.

यंदा मी पाटावर बसले. काकू वाढत होत्या. पल्लवीनं सुट्टी घेतली होती, ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. काकूंनी शेपूचं पातेलं उचललं आणि पल्लवी एकदम म्हणाली, "मावशी, नको वाढू ते."

"कामून गं?"

"आईला शेपू आवडायचा नाही. म्हणजे, मला माहीतच नाही. मी तेव्हा खोटं सांगितलं होतं. तू बाजारात शेपूची जुडी बघून नाक दाबलं होतंस, ते मला आठवलं आणि मी शेपू म्हणाले." ती चौकटीपासून पुढं आली. "दर वर्षी सांगायचं ठरवते. आता लग्न करून जाईन आणि तू पुढंही नाकाला फडकं बांधून करत बसशील."

मी पानावर हात धरून तशीच बसले. काकूंनी पातेलं खाली ठेवलं.

"मला ठाव हाये," त्या म्हणाल्या.

"काय?"

"दुसऱ्याच वर्षी कळलं. संक्रांतीला तुला गंगापूरला तुझ्या आईच्या आईकडं घेऊन गेले होते ना, तव्हा म्हातारी म्हणली, उषाला तर शेपूचा वासबी नको असायचा. मी म्हणले, पोरीला ह्यातलं काय बोलू नका." आणि काकूंना हसू आलं. "तिला बी नको, मला बी नको. दोघी मिळून सोळा वर्षं खातोय."

"पण मग करत कशाला राहिलीस?"

"तू आठ वर्षांची होतीस. मी येऊन दीड महिना झाला होता अन् तू माझ्याशी एक शब्द बोलली नव्हतीस. मी विचारलं, तुझ्या आईला काय आवडायचं, अन् तू पहिल्यांदा तोंड उघडलंस. दगड म्हणली असतीस तर दगड शिजवला असता. खोटं पाडलं असतं, तर पुन्हा बोलली असतीस का?" त्यांनी माझ्या पानातल्या घारग्याकडं बोट केलं. "तिच्या आवडीचं हे. भोपळ्याचे घारगे. ते म्हातारीनं सांगितलं तव्हापासून मी करते. त्यानंतर ती उपाशी नाय गेली एकबी वर्ष."

पल्लवी खाली बसली. "मला तिचं काहीच आठवत नाही, मावशी. चेहरासुद्धा फोटोतलाच आठवतो. म्हणून तर कुणाला विचारलं नाही कधी. पोटची पोर आणि आईला काय आवडायचं ते माहीत नाही, असं कसं विचारायचं? आता गंगापूरची आजीपण नाही."

"मला सांगितलंय तिनं. गंगापूरला जायचे तव्हा विचारून घ्यायचे मी," काकू म्हणाल्या. आणि वाढायचं सोडून, गुडघ्यावर हात ठेवून, त्या सांगायला लागल्या. उषाला पोहता यायचं. मळ्यातल्या विहिरीत पोरांच्या बरोबरीनं उडी घ्यायची. कैरी मिठाशिवाय खायची. हसताना तोंडावर हात धरायची, कारण पुढचा दात जरा तिरका होता. "अन् तिला गाणं येत नव्हतं. तुला झोपवताना पाढे म्हणायची. बे एके बे पासून."

पल्लवी खाली मान घालून ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "एकोणतीसला अडकायची."

"आँ?"

"एकोणतीसच्या पाढ्याला. एकोणतीस सक्कं... तिथं थांबायची आणि परत पहिल्यापासून म्हणायची. माझ्या पाठीवर थोपटायची, ते थोपटणंपण थांबायचं तिथं." तिनं वर बघितलं. तिचे डोळे मोठे झाले होते. "मावशी, मला आठवतंय. तिचा आवाज आठवतोय मला."

मी त्या घरात दहा वर्षं जातेय. काकूंच्या डोळ्यांत पाणी मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

"हे म्हातारीला बी माहीत नव्हतं," काकू म्हणाल्या. "अजून सांग."

"आत्ता एवढंच. अजून आठवेल." पल्लवीनं नाक पुसलं. "पुढच्या नवमीला मी आदल्या दिवशीच येते. दोघी मिळून घारगे करू. आणि शेपू नाही हं आता."

"पहिलंच वर्ष. सासरी विचार आधी."

"विचारणार नाही. सांगणार आहे. माझ्या आईची नवमी माझ्या घरी असते म्हणून."

काकू उठल्या, घाईघाईनं पातेलं उचललं, आणि वीस वर्षांत एकही तुकडा चुकीच्या पेटीत न टाकलेल्या त्या बाईनं पळीभर शेपू माझ्या खिरीच्या वाटीत वाढला. मी तो तसाच खाल्ला.